बेहड्याखालचा मेनू

मेनूकार्ड लॅमिनेट केलेलं होतं. जेवायला आम्ही चार मित्र आणि यजमानाची बायको अशी पाच माणसं, आणि कार्डं छापून आणली होती पंचवीस, कारण छापणारा त्याहून कमी छापत नाही. वर सोनेरी अक्षरांत 'समर ग्रिल इव्हनिंग', खाली ज्वाळांचं चित्र, आणि त्याखाली अशी नावं की वाचणाऱ्यानं आपण सानगडी गावाच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली, कापणी होऊन गेलेल्या धानाच्या बांधीत बसलो आहोत हे विसरून जावं. 'स्मोक्ड एगप्लांट डिप' म्हणजे वांग्याचं भरीत. 'फायर रोस्टेड मँगो कूलर' म्हणजे पन्हं. सातव्या क्रमांकावर 'मुर्रेल इन पलाश लीफ' होतं. म्हणजे पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली मरळ मासळी, जी आमच्या आज्यांनी कुठलंही कार्ड न छापता आम्हाला खाऊ घातली होती.

मी त्या कार्डाची त्या दिवशी भरपूर टिंगल केली. आता करत नाही.

यजमान म्हणजे आमचा शाळेतला वर्गमित्र, राईस मिलचा मालक. त्याच्या मुलानं बंगळुरूहून ग्रिल पाठवलं होतं. स्टीलचं, झाकणाचं, झाकणावर तापमानाचं घड्याळ आणि खाली चार चाकं. चाकं बांधीच्या ढेकळांत चालेनात, तेव्हा मिलवाल्यानं आणि वकिलानं ते पालखीसारखं उचलून आणलं. वकील हा आमच्यातला दुसरा. त्याला कुठल्याही गोष्टीचं काही वाटत नाही, फक्त तिच्यावर बोलता आलं पाहिजे. तिसरा वनरक्षक. चौथा मी, कॉलेजात इतिहास शिकवून मुदतीआधीच निवृत्त झालेला, म्हणून सगळ्यांचा मास्तर.

वनरक्षकाबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, जी बाकीच्यांना माहीत नव्हती. आदल्या उन्हाळ्यात जंगलात वणवा विझवताना त्याला आग्या माश्या चावल्या. तीनच. मी योगायोगानं त्याच रस्त्यानं जात होतो. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता, आणि त्याचं तोंड त्याचं राहिलं नव्हतं. ओठ सुजलेले, डोळे बंद, आणि घशातून शिट्टीसारखा आवाज. मी त्याला गाडीत घातलं. दवाखान्यात त्याला टोचलं, सलाईन लावलं, तासाभरानं तो माणसात आला. डॉक्टर तरुण होता आणि त्याला गोड बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, "या वेळी पोचलात. पुढच्या वेळी एक जरी चावली, तरी इथपर्यंत यायला वेळ मिळेलच असं नाही."

डॉक्टर गेल्यावर वनरक्षकानं माझा हात धरला. "मास्तर, कोणाले सांगू नोको."

"का रे?"

"जंगलात नोकरी करून माशीले भेते म्हणतीन. मले हापिसात बसवतीन. अन् हे आपले दोघं तर मरेपर्यंत हसतीन."

मी शब्द दिला. इतिहास शिकवणाऱ्यानं असल्या शब्दांचं पुढे काय होतं हे ओळखून असायला हवं होतं.

त्या दिवशी आम्ही पाचच्या सुमारास शेतावर पोचलो. वैशाखातलं पाच म्हणजे दुपारच. वनरक्षक माझ्याच गाडीतून आला होता. मिलवाला एप्रन घालून उभा होता. एप्रनवरही ज्वाळा होत्या. त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाला, "चला, पयले सरप्राइज दाखवतो."

पाण्याच्या मोटारीच्या खोलीपलीकडे बेहड्याचं जुनं झाड आहे. त्यानं आम्हाला त्याखाली नेलं आणि बोट वर केलं. "पाहा."

जाड आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला ते लटकलं होतं. सुपाहून मोठं, काळसर, ओलं असल्यासारखं दिसणारं. आधी वाटलं की ते स्थिर आहे. मग वरून एक कावळा गेला, आणि त्याच्या अंगावरून एक लहर गेली, वरून खाली, झोपलेल्या म्हशीच्या कातडीवरून जाते तशी. आवाज मात्र काही नाही. लहर गेली आणि ते पुन्हा लाकडासारखं झालं.

"आग्यामोहोळ," मिलवाला म्हणाला. दुसरा कोणी 'मर्सिडीज' हा शब्द ज्या आवाजात उच्चारेल, त्या आवाजात. "दिवाळीपासून आहे. शेतात लागलं म्हणजे लक्ष्मी असते. मी कोणाले हात लावू देल्ला नाही. ग्रिल इथंच लावू, सावली आहे. मोहोळासकट फोटो येते."

मी वनरक्षकाकडे पाहिलं. तो वर पाहत नव्हता. तो जमिनीकडे पाहत होता, जिथं झाडाखाली मेलेल्या माश्या पडल्या होत्या, आणि एकेक पाऊल जपून मागे येत होता.

"इथं विस्तव नाही लावता येत," तो म्हणाला.

"काहून?"

"नियम आहे. उन्हाळ्यात झाडाखाली विस्तव करायचा नाही."

त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या तोंडून नियम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाकीच्यांनीही पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण वकिलाला हसू आवरेना.

"कोणत्या कलमाखाली, साहेब?"

"माह्या."

"हे माह्यं शेत आहे बे," मिलवाला म्हणाला. "वाघाच्या मागं मागं फिरते अन् इथं धुराले भेऊन राहिला?"

वनरक्षकानं खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि सोडली. माती पूर्वेकडे गेली. "वारा तिकडे जाऊन राहिला," तो शांतपणे म्हणाला. "ग्रिल तिकडच्या बाजूले लावा, खोलीच्या पल्याड. धूर झाडाकडे नाही आला पायजे. नाही तर मी चाललो."

मी त्याची बाजू घेतली. मोहोळाखाली स्वयंपाक करून पळापळ झालेल्या सहलींच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, असं मी सांगितलं, आणि ते खरंच होतं. वहिनी म्हणजे मिलवाल्याची बायको. ती इतका वेळ वांग्यांना तेल लावत बसली होती. तिनं मान वर न करता निकाल दिला. "फोटोसाठी कोणाचा जीव नका घेऊ. उचला ते यंत्र."

पालखी पुन्हा उचलली गेली. मिलवाला फोटोसाठी हळहळत राहिला.

ग्रिल मांडलं गेलं तेव्हा वनरक्षकानं मला बाजूला घेतलं. "परत जायचं का?" मी विचारलं.

"आता गेलो तर सांगावं लागन." त्यानं हात पुढे केला. "गाडीची चावी दे."

मी चावी दिली. गाडी शेताच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधापाशी, तीसेक पावलांवर होती. त्यानं खुर्ची ओढून बरोबर गाडीच्या आणि आमच्या मध्ये ठेवली, झाडाकडे तोंड करून बसला, आणि एक मेनूकार्ड उचलून वारा घेऊ लागला. दुसऱ्या हाताची मूठ बंद होती. वकील म्हणाला, "साहेब पहाऱ्यावर बसले." सगळे हसले. तोही हसला. मूठ उघडली नाही.

विस्तवाचं काम माझ्याकडे आलं. मिलवाल्याकडे मुलानं पाठवलेलं कोळशाचं पाकीट होतं, पेटवायला एक द्रव होता आणि वाचायला एक पुस्तिका होती, आणि अर्ध्या तासानं हे तिन्ही संपूनही कोळसे काळेच होते. मग मी बाभळीची लाकडं आणली. निखारे धरले तसा मी हळूहळू निवांत झालो. वांगी थेट निखाऱ्यात गेली, कैऱ्याही. सालं करपून फुटली की आतून आंबट वाफ यायची. मरळ वहिनीनं घरूनच हळद, मीठ आणि लसूण लावून आणली होती. पळसाच्या दोन-दोन पानांत ती गुंडाळून दोऱ्यानं बांधली आणि जाळीवर ठेवली. पानं आधी हिरवी, मग तपकिरी, मग काळी होतात, आणि काळी होण्याच्या जरा आधी मासा काढायचा असतो. हे घड्याळ ग्रिलच्या झाकणावर नव्हतं.

कोंबडीचं काम मिलवाल्यानं स्वतःकडे ठेवलं. पुस्तिकेत लिहिलेली मिनिटं त्यानं मोबाइलवर लावली, बरोबर वेळेला तंगड्या काढल्या, आणि वकिलानं पहिला घास तोडला तर आत गुलाबी.

"ही तं अजून चालते," वकील म्हणाला.

"याले मीडियम रेअर म्हणते."

"कोंबडीले नाही म्हणत जी," वहिनी म्हणाली. तिनं तंगड्या उचलल्या आणि निमूटपणे परत निखाऱ्यावर टाकल्या.

पहिली मरळ मी वनरक्षकाला दिली. पान उघडलं तशी वाफ त्याच्या चष्म्यावर बसली. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि तेवढ्यासाठी का होईना त्याची नजर झाडावरून हटली. एका घासानंतर तो म्हणाला, "आजीच्या हातची आठवली." मग दुसरी मागितली. खाताना त्यानं मूठ उघडून चावी खिशात टाकली. तळहातावर चावीचा आकार उमटला होता. मला बरं वाटलं. मोहोळ शंभर पावलांवर होतं, वारा आमच्या बाजूनं होता, आणि सूर्य पाळीमागे गेला होता. अंधार पडला की माश्या काही करत नाहीत, असा आमच्यापैकी प्रत्येकाचा समज होता.

वारा कधी पडला ते मला कळलं नाही. वनरक्षकाला कळलं असणार.

तलावाच्या अंगानं मच्छर आले. त्या वेळी ते दर संध्याकाळी येतात, ढगासारखे. वहिनीनं पायावर थाप मारली. "भाऊजी, फोडून खाऊन राहिले हे मच्छर."

आता जे सांगायचं आहे ते सरळ सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी गोठा होता. दिवेलागणीला गोठ्यात कडुनिंबाची धुरी करायची, हे काम माझं होतं. टोपल्यात निखारे घ्यायचे, त्यावर ओला पाला टाकायचा, पांढरा दाट धूर निघाला की टोपलं गोठ्याच्या दारात ठेवायचं. दहा-बारा वर्षं मी ते रोज केलं. मच्छर, संध्याकाळ आणि निखारे एकत्र आले की माझा हात आधी कडुनिंबाकडे जातो, डोकं नंतर जातं. मोटारीच्या खोलीजवळ कडुनिंबाचं रोपटं होतं. मी दोन डहाळ्या मोडल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. पाच वाजल्यापासून वाऱ्याची दिशा सांभाळणाऱ्या माणसानं टाकल्या.

धूर सरळ वर गेला, पांढरा, दोरासारखा. खोलीच्या छपराएवढा चढला आणि तिथं थांबल्यासारखा झाला. मग त्याचं वरचं टोक सावकाश पश्चिमेकडे वाकलं, बेहड्याकडे. ते मला दिसलं. पण मी डहाळ्या ओढून काढायच्या आत मिलवाल्यानं खोलीवरचा मोठा हॅलोजन लावला, कारण अंधारात त्याचा फोटो येत नव्हता.

आवाज आधी तलावाकडून आल्यासारखा वाटला, लांबच्या ट्रॅक्टरसारखा. मग तो सगळीकडून आला.

वहिनी सर्वांत आधी उठली. तिनं नवऱ्याचा एप्रन मागून धरला आणि त्याला खोलीत ओढलं, वकील त्यांच्यामागे. मी विस्तवाजवळ होतो, म्हणून पहिल्या मला चावल्या. मानेत, मग कानामागे. तापलेला खिळा ठोकल्यासारखं. आम्ही बसायला अंथरलेली सतरंजी मी अंगावर ओढली आणि पालथा पडलो. नाकात एक वास भरला, पिकलेल्या केळ्यांचा. हा माशीच्या नांगीचाच वास, आणि त्या वासावर बाकीच्या येतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं असं उपयोगाला आलं.

सतरंजीची कड उचलून मी गाडीकडे पाहिलं. खुर्ची उलटी पडली होती. गाडीचं दार धाडकन बंद झालं. तो आत होता. मी श्वास सोडला. आतला छोटा दिवा मावळत गेला आणि विझला.

मग तो पुन्हा लागला.

हे त्यानं का केलं ते मला पहिल्यांदा कळेना. उजेड पाहून बाहेरच्या माश्या गाडीकडे वळल्या आणि काचांवर आपटू लागल्या, गारा पडल्यासारख्या. गाडी त्या काळोखात काचेच्या कपाटासारखी उजळली होती, आणि तो आत ताठ बसला होता, फक्त डोळे फिरत होते. मग कळलं. त्याच्यासोबत एक आत गेली होती. अंधारात ती ऐकू येत होती, दिसत नव्हती. दिसावी म्हणून दिवा हवा होता.

मी जाऊ शकत नव्हतो. माझ्या अंगाला तो वास होता. दार उघडलं असतं तर एकीच्या पन्नास झाल्या असत्या.

माशी त्याच्या समोरच्या काचेवर बसलेली असावी, कारण त्यानं हात फार सावकाश उचलला. हातात मेनूकार्ड होतं. पळताना ते त्यानं टाकलं नव्हतं, किंवा टाकायचं सुचलं नव्हतं. त्यानं कार्ड आडवं धरलं, काचेजवळ नेलं, आणि एकदम दाबलं. दोन्ही तळहातांनी. मग तसाच राहिला.

खोलीतून कोणीतरी मेन स्विच पाडला. हॅलोजन गेला. गाडीतला दिवा मात्र जळत होता, आणि त्यात तो, दोन्ही हात काचेला लावून, गाडी आतून ढकलत असल्यासारखा. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. काचांवरचे आवाज विरळ झाले, मग थांबले. मी सदरा काढून फेकला, अंगाला माती चोळली आणि सतरंजीखालून सरपटत गाडीपर्यंत गेलो. काचेवर बोट वाजवलं. त्यानं मान वळवली नाही.

"मेली का पाह्य," तो आतून म्हणाला.

मी काचेला डोळा लावला. कार्ड आणि काच यांच्यामध्ये ती चपटी झाली होती. सोनेरी अक्षरांच्या जरा खाली. एक पंख बाहेर.

"मेली."

"नक्की?"

"नक्की. सोड आता."

त्यानं सोडलं नाही. मी पलीकडून स्टिअरिंगवर बसलो, चावी त्याच्या खिशातून काढली आणि गाडी सुरू केली. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्याचे हात काचेवर होते. मला अर्धाच रस्ता दिसत होता आणि डावा डोळा मिटत चालला होता. त्याला एकही चावली नव्हती. हे त्यानं तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा प्रश्न विचारल्यासारखं.

दवाखान्यात सिस्टरनं माझ्या पाठीतले काटे काढायला घेतले आणि थोड्या वेळानं मोजायचं सोडून दिलं. मिलवाला आणि वकीलही मागून आले. मिलवाल्याची एक पापणी टोमॅटोसारखी झाली होती, तरी तो वकिलाला समजावत होता की मोहोळावर ससाणा आला असणार. ससाणा पोळं फोडतो, मग माश्या पिसाळतात. वकिलानं लगेच ससाणा पाहिला. मी गप्प बसलो. पाठ दुखत होती, हे एक कारण होतं.

ते बाहेर गेल्यावर वनरक्षक माझ्या बाकावर येऊन बसला.

"पाला तू टाकला ना?"

"हो."

"मले दिसला."

मी त्याच्याकडे पाहिलं. "दिसला तर ओरडला का नाहीस?"

समोरच्या भिंतीवर लसीकरणाचं चित्र होतं, तो ते पाहत राहिला. "तोंड उघडलं होतं," तो म्हणाला. "मंग वाटलं, इतका वेळ सगळं बरोबर चाललं आहे, आता दोन डाहळ्यांसाठी ओरडलो तं हे हसतीन. म्हणून उठून गाडीकडे निघालो."

"मरणार होतास."

"हो ना."

या वर्षी मोहोळ परत आलं आहे. त्याच बेहड्यावर, त्याच फांदीला. मिलवाल्यानं दिवाळीनंतर फोटो पाठवला होता आणि खाली हात जोडल्याची खूण. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. नवा मेनू तयार आहे, या वेळी मच्छरांसाठी मशीन आणली आहे, आणि ससाण्यासाठी फटाके ठेवले आहेत.

मी ठरवलं की आता सांगायचं. म्हटलं, "ससाणा वगैरे काही नव्हता. निंबाचा पाला मी टाकला होता."

तो हसला. "तू कायले आपल्यावर घेते बे, मास्तर? वकिलानं डोळ्यानं पाहला ससाणा. अख्ख्या सानगडीले माहीत आहे."

दुसरी गोष्ट माझी नव्हती, म्हणून ती सांगितली नाही. मी वनरक्षकाला फोन केला आणि म्हटलं, आता तरी सांगून टाक. नाही तर काहीतरी कारण काढून नाही म्हण.

"दोनदा कसं नाही म्हणू? मागच्या महिन्यात लग्नालेही नाही गेलो त्याच्या घरच्या." मग त्यानं विचारलं, "तू जाऊन राहिला का?"

"तू गेलास तर जावंच लागेल."

"मंग शनिवारी पाचले घ्यायले ये. अन् दोन्ही चाव्या घे. एक माह्यापाशी राहू दे."

दुसरी चावी मी कपाटातून शोधून काढली आहे. गाडीही धुऊन घेतली. समोरच्या काचेवर आतून एक डाग आहे, तो मात्र धुणाऱ्याला निघाला नाही.